सौंदर्य आणि वेठ

सुंदर वस्तु पाहून मनाला जो आनंद होतो तो निर्दोष असतो, असा आपला सामान्य समज आहे. चंद्रोदय पाहून हर्ष मानणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाहीं. आणि सृष्टिसौंदर्याला लागू असलेला हा न्याय आपण मनुष्यनिर्मित सौंदर्यालाही नकळत लावतों. परंतु चंद्र कोणीं कोणाकडून घडवून घेतलेला नाहीं. देवळें, राजवाडे आणि मूर्ति मात्र कोणीं तरी कोणाकडून तरी घडवून घेतलेल्या असतात. घडविणारा आणि घडवून घेणारा यांचा संबंध जेथें राजीखुशीचा नसतो, तेथें घडलेल्या वस्तूचें सौंदर्य पाहून आपण आनंदित व्हावें कीं नाहीं, आणि व्हावयाचें तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न उत्पन्न होतो. प्रश्न जुना आहे व त्याचीं उत्तरेंही तयार आहेत; पण त्या तयार उत्तरांनीं आमचें समाधान होईनासें झालें तें दक्षिण अमेरिकेंतील एका चर्चच्या दरवाजामुळें. तो दरवाजा आम्हीं प्रत्यक्ष पाहिलेला नाहीं. छायाचित्रांतून आणि जाणत्या लोकांनीं केलेल्या वर्णनांतूनच त्याची आमची ओळख झाली आहे. तरीही तो मनांतून जात नाहीं, म्हणून त्याच्याविषयीं लिहावयास बसलों आहों.

बोलिव्हिया देशांत, अँडीज पर्वताच्या उघड्याबोडक्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें चार हजार मीटर उंचीवर पोतोसी नांवाचें शहर आहे. आपलें कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच. त्याच्या जवळजवळ अडीचपट उंचीवर हें गांव वसलेलें आहे, एवढें सांगितलें म्हणजे तेथील थंडीची आणि विरळ हवेची कल्पना यावी. शहराच्या डोक्यावर तांबूस रंगाचा, शंकूसारखा एक डोंगर उभा आहे. स्पॅनिश लोकांनीं त्याला ‘सेर्रो रिको’, म्हणजे श्रीमंत डोंगर, असें नांव दिलें. १५४५ सालीं या डोंगरांत चांदी सांपडली, आणि जेथें पूर्वीं गवतही धड उगवत नव्हतें तेथें सतराव्या शतकाच्या आरंभीं दीड लाखाच्या घरांत वस्ती झाली. जगांत त्या वेळीं याहून मोठीं शहरें फार थोडीं होतीं.

ही चांदी बाहेर काढण्यास माणसें पाहिजे होतीं. इंका राजांच्या अमलांत रस्ते, पूल आणि शेतें यांच्या कामाकरितां प्रत्येक गांवानें आळीपाळीनें माणसें पुरविण्याची वहिवाट होती. तिला केचुआ भाषेंत ‘मिता’ म्हणत. मिता म्हणजे पाळी. १५६९ ते १५८१ या काळांत पेरूचा व्हाइसरॉय असलेल्या फ्रान्सिस्को दे तोलेदो यानें ही जुनी वहिवाट उचलली आणि खाणीच्या कामास जुंपली. सोळा प्रांतांतील धडधाकट पुरुषांपैकीं दर सातांतील एकानें पाळीनें पोतोसीस यावें, असा त्याचा हुकूम झाला. दर वर्षीं सुमारें तेरा हजार माणसें याप्रमाणें येत. कित्येक आठवड्यांची वाट तुडवीत, बायकामुलें आणि लामांचे तांडे बरोबर घेऊन येत. मजुरी मिळे, पण ती इतकी अपुरी कीं पोट भरण्यासाठीं स्वतःच्या विश्रांतीच्या आठवड्यांतही मोलमजुरी करावी लागे. कातड्याच्या शिड्यांवरून धातूचें ओझें पाठीवर घेऊन वर यावें, खालीं श्वासाबरोबर धूळ घ्यावी, वर गारठ्यांत घाम थिजावा, आणि चांदी वेगळी काढण्याकरितां कुटलेल्या मातीबरोबर पारा तुडवावा, असा तो जीवनक्रम होता. आपल्या भाषेंत या प्रकाराला वेठ हा नेमका शब्द आहे. कायद्यानें ही वेठ बंद झाली ती १८१२ सालीं, म्हणजे जवळजवळ अडीचशें वर्षांनीं.

ही हकीकत परक्या मुलखाची म्हणून कोणी बाजूस सारूं नये. पोतोसीच्या आणि मेक्सिकोच्या टांकसाळींतून निघालेलें चांदीचें नाणें एकीकडून युरोपमार्गें व दुसरीकडून मानिलामार्गें आशियांत येई. मिरीं, कापड आणि नीळ यांच्या मोबदल्यांत तें गोव्यास व सुरतेस उतरे. आणि मोगल टांकसाळींत वितळून त्याचे रुपये पडत. आमच्या पूर्वजांनीं कनवटीस लावलेल्या रुपयांत त्या डोंगराचा कांहीं अंश असलाच पाहिजे. तेव्हां त्या वेठीचा हिशोब केवळ स्पेनच्या राजाचा, आपला त्याच्याशीं संबंध काय, असें म्हणण्याची सोय आपल्याला राहिलेली नाहीं.

आतां दरवाजाकडे वळूं. वेठीच्या सोळा प्रांतांपैकीं कारांगास हा एक. पाळीवर आलेल्या लोकांसाठीं पोतोसी शहरांत प्रांतवार वस्त्या आणि त्या त्या वस्तीचीं चर्चें असत. कारांगास लोकांच्या चर्चचें नांव सान लोरेन्सो दे कारांगास. इमारत मूळची जुनी आहे. पण तिचें जें द्वार जगप्रसिद्ध झालें, तें १७२८ ते १७४४ या काळांत कोरलें गेलें. एका खोल कमानीच्या आश्रयाला हें द्वार उभें असल्यामुळें ऊनपावसापासून त्याचा बचाव झाला आहे. दगड इतका दाट कोरलेला आहे कीं भिंतीवर नक्षीदार शेला पसरला असावा असा भास होतो. पानें, फुलें, फळें आणि वेली यांच्यामध्यें बोट ठेवावयास मोकळी जागा नाहीं. दोन्ही अंगांस पिळाचे खांब आहेत. हे खांब अस्सल युरोपीय बरोक पद्धतीचे. रोमच्या संत पीटरच्या मंदिरांत बेर्निनीनें जे प्रचंड ब्राँझचे खांब उभे केले त्यांच्याच कुळींतले. पण त्या खांबांच्या सोबतीनें ज्या स्त्रियांच्या आकृति खांबाचें काम करीत उभ्या आहेत त्यांचें रूप ग्रीक वाटत नाहीं. त्या अँडीजच्या रहिवासी स्त्रिया वाटतात. आणि म्हणून अभ्यासकांनीं ग्रीक ‘कॅर्याटिड’ या शब्दाची मोडतोड करून त्यांना ‘इंदियातिदे’ असें नवेंच नांव दिलें. वर मध्यभागीं देवदूत मिखाएल आहे. त्याच्याही वर सूर्य आहे, चंद्र आहे, तारे आहेत. आणि त्या आकाशांत दोन मत्स्यकन्या हातांत तंतुवाद्यें घेऊन तीं वाजवीत आहेत.

या मत्स्यकन्या तेथें काय करीत आहेत? समुद्र शेंकडों मैल दूर, आणि त्या आकाशांत पोहत आहेत. ख्रिस्ती धर्मोपदेशकाला विचारलें असतें तर तो म्हणाला असता कीं या पापाच्या मोहाचें प्रतीक आहेत. खलाशांना भुलविणाऱ्या, आणि म्हणून देवदूताच्या तरवारीच्या धाकांत ठेवलेल्या. ग्रीक तत्त्वज्ञान वाचलेल्या एखाद्या पंडितानें प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या शेवटास आलेल्या एर नामक पुरुषाच्या कथेचें स्मरण दिलें असतें. तीत विश्वाच्या आठ चक्रांवर आठ सायरन बसलेल्या असून प्रत्येक एकच सूर धरते आणि त्या आठ सुरांचें मिळून विश्वसंगीत होतें. आकाशांत वाद्य वाजविणाऱ्या मत्स्यकन्यांना हें स्पष्टीकरण चांगलेंच जुळतें. पण खाणीच्या पाळीवर आलेल्या आयमारा मनुष्याला विचारलें असतें तर त्याला तिसरेंच कांहीं आठवलें असतें. तितिकाका सरोवराच्या कांठीं तुनूपा नांवाच्या देवपुरुषाची कथा सांगत. त्याला भुलविणाऱ्या दोन बहिणींचीं नांवें केसिन्तू आणि उमान्तू. आणि त्या सरोवरांतील मत्स्यरूपिणी होत्या, असा बोलिव्हियाच्या कलेतिहासकार तेरेसा गिस्बेर्त यांनीं अर्थ लावला आहे. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं दगडांतल्या मत्स्यकन्या आणि या दोन बहिणी यांचें नातें दाखविलें. सूर्यचंद्रांचेंही असेंच आहे. युरोपांतील क्रूसाच्या चित्रांत ख्रिस्ताच्या दोन्ही बाजूंस सूर्यचंद्र काढण्याचा प्रघात होताच. आणि इंकांच्या धर्मांत सूर्य हा कुलदेव व चंद्र ही त्याची राणी होती. एकच दगड, आणि तो दोन धर्मांची साक्ष एकदमच देतो.

या दोन बहिणींचीं नांवें आपणांस कळलीं कशीं, हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे. लुदोविको बेर्तोनियो नांवाच्या जेझुइट पाद्र्यानें आयमारा भाषेचा कोश तयार केला. तो १६१२ सालीं तितिकाकाकांठच्या खुली या गांवीं छापून निघाला, आणि त्यांत हीं नांवें नमूद आहेत. म्हणजे जी संस्था तेथील देवांना हद्दपार करावयास निघाली होती तिच्याच एका सेवकाच्या हातून त्या देवांचीं नांवें कागदावर राहिलीं. इतिहासाच्या या गुंतागुंतीपुढें सरळसोट निवाडे टिकत नाहींत.

तथापि निवाडे दिले गेले आहेत, आणि ते परस्परविरुद्ध आहेत. अर्जेंटिनाचे वास्तुशिल्पी आंखेल गिदो यांनीं १९२५ सालीं एक पुस्तक लिहून अशा चर्चांत स्पॅनिश आणि इंडियन अशा दोन कलांचें मीलन झालें आहे, असा पक्ष मांडला. पुढें या शैलीला ‘मेस्तिसो’, म्हणजे संकरज, असें नांव रूढ झालें. क्यूबाचे कवि होसे लेझामा लीमा यांनीं १९५७ सालीं याहून पुढचें पाऊल टाकलें. अमेरिकेंतील बरोक ही जिंकलेल्यांनीं जेत्यांवर मिळविलेला उलट विजय आहे, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें. पोतोसीच्या या कामाशीं कोंदोरी नांवाच्या एका इंडियन पाथरवटाचें नांव लोकांनीं जोडलें आहे, त्याला त्यांनीं या विजयाचा नायक केलें. त्या कोंदोरीला कागदोपत्रीं आधार नाहीं, ही गोष्ट वेगळी. उलट पक्षीं अमेरिकन पंडित जॉर्ज कुब्लर यांनीं १९६१ सालीं एक निबंध लिहून असें बजावलें कीं, स्पॅनिश अमलाखालीं जुन्या कलेचा बहुतेक नाशच झाला. जें उरलें तें फुटक्या भांड्याच्या खापऱ्यांसारखें, सुटें आणि अर्थहीन उरलें. या पक्षाचे इतर अभ्यासक आणखी असें म्हणतात कीं, भिंतीला बिलगून राहणारें हें चपटें कोरीवकाम युरोपच्या आडगांवांतही सांपडतें, आणि मत्स्यकन्या तर युरोपांतून आलेल्या छापील नमुन्यांवरून उतरून घेतल्या असतील. मग इंडियन मनाचा शोध त्यांत कशाला घ्यावा?

हा वाद कलेतिहासाचा आहे आणि त्याचा निर्णय करण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण त्याच्या पोटांत एक नीतीचा प्रश्न आहे, आणि तो तज्ज्ञांवर सोंपवून मोकळें होतां येत नाहीं. जो मनुष्य मीलन म्हणतो तो नकळत असें सुचवितो कीं जें झालें तें वाईट असलें तरी त्याचें फळ गोड निघालें. आणि जो मनुष्य खापऱ्या म्हणतो तो नकळत असें सुचवितो कीं ज्याचें सर्वस्व गेलें त्याच्याजवळ देण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें. या दोन्ही सूचना आम्हांला अन्यायाच्या वाटतात. कां, तें क्रमानें पाहूं.

प्रथम मीलन. आपल्या मराठी वाचकाला हा शब्द विशेष प्रिय आहे. आपण त्याला समन्वय म्हणतों, संगम म्हणतों, आणि या शब्दांचा उच्चार होतांच मान डोलवितों. परंतु संगमाला दोन नद्या आपापल्या उतारानें येतात. विवाहाला दोन पक्षांची संमति लागते. सान लोरेन्सोच्या दारीं यांपैकीं कांहींच नव्हतें. कारांगासच्या मनुष्याला पोतोसीस यावें कीं न यावें असें कोणीं विचारलें नव्हतें. आपल्या डोंगरांना आणि सूर्याला नमस्कार करावा कीं चर्चमध्यें जावें हेंही विचारलें नव्हतें. त्याच शतकांत आणि त्याच्या आधीं जुन्या देवतांचे दगड शोधून फोडण्यासाठीं पेरूंत खास चौकशा चालत. १६२१ सालीं पाब्लो होसे दे आर्रियागा या पाद्र्यानें मूर्तिपूजेच्या उच्छेदाची पद्धति सांगणारें पुस्तकच छापलें होतें. अशा परिस्थितींत एका दगडावर दोन धर्मांच्या खुणा एकत्र दिसल्या म्हणून त्यांस समन्वय म्हणणें, म्हणजे लुटलेल्या घरांतील भांडें लुटारूच्या घरीं चुलीवर दिसलें म्हणून दोन्ही घरांचा स्नेह जुळला असें म्हणण्यापैकीं होय. सौंदर्य हें कर्जफेडीची पावती नव्हे. द्वार कितीही सुंदर असलें तरी खाणींतून परत न आलेला एकही मनुष्य त्यामुळें परत येत नाहीं, आणि त्याच्या बायकोच्या दुःखांतील एक तीळही कमी होत नाहीं.

येथें कोणी असें म्हणेल कीं, मग हें दार पाहूंच नये. जें वेठीच्या चांदीवर आणि वेठीच्या छायेंत उभें राहिलें त्याला सुंदर म्हणणें हेंच पाप आहे. हें मत कठोर दिसतें, आणि कठोर मताला प्रामाणिकपणाचें तेज असतें, म्हणून तरुण मनाला तें ओढून घेतें. आम्हीही कांहीं काळ त्याच्याकडे झुकलों होतों. पण विचार करतां त्यांतील दोष ध्यानांत आला. वेठीनें त्या मनुष्याचे श्रम घेतले, आरोग्य घेतलें, पुष्कळदां प्राणही घेतले. आतां आपण त्याच्या बाजूचे म्हणविणारे लोक पुढें येऊन म्हणतों कीं, त्यानें जें केलें तें त्याचें नव्हतेंच. तो केवळ एक दबलेलें यंत्र होता. म्हणजे जेत्यानें त्याच्याजवळचें सर्व घेऊनही जी एक गोष्ट घ्यावयाची राहिली होती, त्याच्या हाताची करामत, ती आपण घेतली, आणि तीही त्याच्या कैवाराच्या नांवाखालीं. ही दुसरी लूट पहिलीहून सौम्य खरी, पण लूटच.

छिन्नी हातांत घेतलेल्या मनुष्याची स्थिति नीट डोळ्यांपुढें आणावी. चर्च पाहिजे, हा हुकूम. देवदूत पाहिजे, पिळाचे खांब पाहिजेत, हाही हुकूमच असेल. समोर एखादा छापील नमुनाही ठेवलेला असेल. परंतु हुकूम कितीही बारकाईचा असला तरी तो दगडाच्या शेवटच्या रेघेपर्यंत पोंचत नाहीं. पानाचा देंठ कसा वळवावा, चेहऱ्याचें हाड कसें उठवावें, मत्स्यकन्येच्या हातांतील वाद्य कसें धरवावें, हें हुकूम देणाऱ्याला सांगतां येत नाहीं. कारण त्याला तें ठाऊकच नसतें. तें करणाऱ्याच्या हातांत असतें. त्या अंगुळभर मोकळ्या जागेंत मनुष्य मनुष्य राहतो. अभ्यासक या वाद्यांत अँडीजचा चारंगो पाहतात. स्पॅनिश तंतुवाद्यावरून तेथील लोकांनीं केलेलें हें लहान वाद्य. त्याची पाठ पुष्कळदां आर्माडिल्लो नामक प्राण्याच्या कवचाची असे. स्पेनची तार, अँडीजची पाठ. आणि सूर कोणाचा म्हणावा? वाजविणाराचा.

येथें आम्हांला एक इशारा स्वतःलाच द्यावासा वाटतो. या अनामिक पाथरवटाला गुप्त बंडखोर बनविण्याचा मोह होतो. त्यानें पाद्र्याच्या डोळ्यांत धूळ फेंकून आपल्या सरोवरदेवता चर्चवर चढविल्या, अशी कथा ऐकावयास गोड वाटते. कोंदोरीची दंतकथा या गोडीपोटींच वाढली असावी. पण त्याच्या मनांत काय होतें तें त्यानें लिहून ठेवलेलें नाहीं. कदाचित् तो दोन पिढ्यांचा श्रद्धाळू ख्रिस्ती असेल, आणि मिखाएलाचे पंख कोरतांना त्याचे डोळे खरोखरच भरून आले असतील. तसें असलें म्हणून त्याचें काम कमी त्याचें होतें काय? आमच्या मतें नाहीं. मनुष्याला त्याच्या कृतीचें श्रेय देण्यापूर्वीं त्यानें आपल्या आवडीचें बंड केलें पाहिजे अशी अट घालणें, हाही एक सूक्ष्म हुकूमच होय. त्याचें कर्तृत्व त्याच्या हेतूच्या आपल्या कल्पनेवर अवलंबून नाहीं. तें दगडावर आहे.

हा प्रश्न आपल्या घरापर्यंत कसा येतो हेंही सांगितलें पाहिजे. बेर्तोनियोचा आयमारा कोश छापला गेला त्यानंतर चारच वर्षांनीं, १६१६ सालीं, गोव्यांतील साष्टी प्रांतीं रायतूर येथें ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें. कर्ता फादर टॉमस स्टीफन्स, जन्मानें इंग्रज, पंथानें तोही जेझुइटच. ख्रिस्ताची कथा त्यानें मराठींत, आणि तीही ओवी छंदांत, दहा हजारांहून अधिक ओव्यांत सांगितली. ज्या छंदांत ज्ञानेश्वरांनीं गीता सांगितली त्या छंदांत त्यानें बायबल सांगितलें, आणि मराठी भाषेची स्तुतिही मनापासून केली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत आपण या ग्रंथाचा उल्लेख अभिमानानें करतों, आणि तो अभिमान खोटा नाहीं. परंतु ज्या साष्टींत हा ग्रंथ निघाला त्याच साष्टींतील देवळें त्याच्यापूर्वीं पन्नास वर्षें, १५६७ च्या सुमारास, पाडलीं गेलीं होतीं. कित्येक कुटुंबें आपले देव घेऊन खाडीपलीकडे गेलीं होतीं. ज्यांचें देऊळ गेलें त्यांच्याच ओवीला ग्रंथांत मान मिळाला.

या दोन गोष्टी एकाच वाक्यांत मांडण्याची आपल्याला संवय नाहीं. एक गट ओवीचा उल्लेख करतो आणि देवळांविषयीं गप्प राहतो. दुसरा देवळांचा उल्लेख करतो आणि ओवी ही केवळ फांसेपारध्याचें जाळें होती असें म्हणून पुस्तक मिटतो. आम्हांला वाटतें कीं पोतोसीच्या दारापाशीं जे दोन पक्ष आपण पाहिले तेच हे दोन गट आहेत. आणि येथें तर भाषा आपली असल्यामुळें आपली परीक्षा अधिक कठीण आहे. पहिल्या ओव्या गाणाऱ्या बाया, ज्यांच्या जात्यावरून हा छंद चालत आला, त्यांचें ऋण फादर स्टीफन्सच्या ग्रंथावर आहे. आणि पडलेल्या देवळांचें ऋण त्या ग्रंथामुळें फिटत नाहीं. दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं आहेत, व त्यांतील एक दुसऱ्याच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढें करतां येत नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच आहे. व्यवहारांत सचोटीचा मनुष्य दोन खातीं वेगळीं ठेवतो. एका खात्यांतील शिलकेनें दुसऱ्या खात्यांतील तूट झांकीत नाहीं. अशा कलाकृतींच्या बाबतींतही दोन खातीं ठेवलीं पाहिजेत. एक अन्यायाचें. त्यांत वेठ लिहावी, फोडलेले देव लिहावेत, ठाऊक असलेले आंकडे लिहावेत. आणि तें खातें सौंदर्याच्या रकमेनें कधीं बंद करूं नये. दुसरें कर्तृत्वाचें. त्यांत ज्यांनीं घडविलें त्यांचें नांव लिहावें, नांव ठाऊक नसेल तर त्यांचा गांव आणि त्यांची जात लिहावी. आणि तें खातें अन्यायाच्या रकमेनें कधीं खोडूं नये. एके काळीं आपल्याकडे ‘कलेसाठीं कला’ आणि ‘जीवनासाठीं कला’ असा मोठा वाद माजला होता. पहिल्या पक्षाला पहिलें खातें नको होतें, दुसऱ्याला कित्येकदां दुसरें नको होतें. आम्हांला दोन्ही पाहिजेत.

मग आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर काय? सान लोरेन्सोचें दार पाहून आनंद मानावा काय? मानावा, असें आमचें उत्तर आहे. पण तो चंद्रोदयाच्या आनंदासारखा मोकळा असणार नाहीं. एखाद्या गरीब घरीं पाहुणा म्हणून गेलें असतां यजमानीण आपल्या वांट्याची भाकरी पुढें ठेवते. ती भाकरी गोड लागते, आणि ती कोणाच्या तोंडची आहे हें ठाऊक असल्यामुळें घांस घशांत अडकतोही. ती नाकारणें हा तिचा अपमान. आणि ती खाऊन ‘या घरांत काय कमी आहे!’ असें बाहेर सांगत सुटणें ही कृतघ्नता. भाकरी खावी, चव आली असें म्हणावें, आणि घरांतील पीठ संपलें आहे हें विसरूं नये. सुंदर वस्तूपुढें उभें राहण्याची याहून वेगळी रीत निदान आम्हांला सुचत नाहीं.

त्या डोंगराचें खातें तर अद्याप चालूच आहे. चारशें ऐंशीं वर्षें पोखरला जाऊन त्याचें शिखर खचूं लागलें, आणि २०१४ सालीं युनेस्कोनें पोतोसी शहराचें नांव धोक्यांत असलेल्या जागतिक वारशांच्या यादींत घातलें. वेठ गेली, पण पोटासाठीं माणसें आजही सहकारी संघ करून त्या बोगद्यांत उतरतात. बोगद्यांच्या आंत मातीची एक शिंगें असलेली मूर्ति बसविलेली असते. तिला ते ‘तिओ’, म्हणजे काका, म्हणतात, आणि कोकाचीं पानें, विडी व दारू तिच्यापुढें ठेवतात. वर चर्चमध्यें जो सैतान म्हणून निषिद्ध, तो खालीं काका म्हणून पुजला जातो. कारण खालीं त्याचेंच राज्य आहे आणि घरीं परत जाऊं द्यावें ही विनंति त्यालाच करावयाची असते. उजेडांतील दारावर मत्स्यकन्या वाद्य वाजवीत आहेत, आणि अंधारांत शिंगांचा काका वाट पाहत बसला आहे. या दोहोंच्या मधल्या वाटेनें जो मनुष्य रोज सकाळीं जातो, त्याचे पूर्वज ते दार कोरून गेले. दाराची स्तुति करतांना निदान त्याला वाट सोडून उभें राहावें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.